वीरशेट्टीअण्णांचा पिवळा माल

वीरशेट्टीअण्णा ब्रोमीनशी उर्दूत बोलायचे.

थट्टा नाही. बीदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता आणि कारखान्याच्या मागच्या अंगाला आमची लॅब. तिथं ब्रोमीनची बाटली उघडायची वेळ आली की अण्णा आधी घसा खाकरायचे, गॉगल नीट बसवायचे, आणि थेंब थेंब सोडताना मान जराशी झुकवून म्हणायचे, "आओ मियाँ, हौले आओ. जल्दी नक्को. घर तुम्हाराच है." मग तो लाल धुराचा तापट गडी मुकाट्यानं फ्लास्कमध्ये उतरायचा. तेच ब्रोमीन दुसऱ्या कुणी हाताळलं की अख्खी लॅब खोकत अंगणात.

ॲसिडशी ते कानडीत बोलायचे. "निधान, निधान," म्हणजे सावकाश, आणि पुरेसं झालं की "साकु." पाण्याशी मात्र मराठी. मी नवा होतो तेव्हा एकदा न राहवून विचारलं, "अण्णा, ॲसिडशी कानडी कामून?"

अण्णांनी माझ्या अज्ञानाची कीव केली. "ज्याला जी भाषा कळती तेच्याशी ती बोलावं की रे. तू बँकेतल्या साहेबाशी अन म्हशीशी एकाच भाषेत बोलतूस का?"

खरं तर मी दोघांशी एकाच भाषेत बोलत होतो, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता.

मी माणिक. उदगीरला बी.एस्सी. केलं, दोन-तीन वर्षं इकडेतिकडे काढली आणि बीदरला येऊन टेकलो. माझं काम तपासणीचं. म्हणजे दुसऱ्यांनी मेहनत करून माल बनवायचा आणि मी तो जाळून, विरघळवून, उकळून त्यात खोट काढायची. अण्णांचा माल पास की नापास हे मी ठरवत असे, आणि तरीही ते मला रोज आपल्या डब्यातलं वाढत. माणूस किती मोठ्या मनाचा होता हे एवढ्यावरून लक्षात यावं.

पुढच्या मोठ्या शेडमध्ये औषधांचा कच्चा माल पिंपांनी निघायचा. आमच्या मागच्या लॅबमध्ये आम्ही चार माणसं, आणि आमचा माल ग्रॅममध्ये. परदेशातल्या कुणा शास्त्रज्ञाला एखादा दुर्मीळ पदार्थ पाहिजे असायचा, बनवायला त्याला सवड नसायची, मग हैदराबादमार्गे आमच्याकडे फॅक्स यायचा. बाहेर सगळ्या जगाची दारं उघडली होती. आमच्या भागातली शिकलेली माणसं हैदराबाद नाहीतर पुणे गाठत होती. अण्णांनाही हैदराबादहून दोनदा बोलावणं आलं होतं. दोन्ही वेळा अण्णांचं उत्तर एकच, "तिकडून सांच्याला कमठाण्याची बस न्हाई." कमठाणा म्हणजे त्यांचं बीदरजवळचं गाव. समोरच्याला वाटायचं माणूस विनोद करतोय.

अण्णांचे लॅबमध्ये काही कायदे होते. चालू फ्लास्कसमोर भांडायचं नाही. एकदा दोघांची पंख्यावरून जुंपली, तर अण्णांनी लगबगीनं येऊन फ्लास्कवर आपला टॉवेल टाकला. म्हणाले, "मालाच्या कानावर जायलंय. बाहेर जाऊन भांडा." दुसरा कायदा, माल कधी होईल हे विचारायचं नाही. आमचे मॅनेजर मूर्तीसाहेब हैदराबादचे. त्यांना प्रत्येक गोष्टीची तारीख लागायची. ते दिवसातून तीनदा विचारायचे, आणि अण्णा तिन्ही वेळा सांगायचे, "व्हतंय साहेब. पन त्याच्या मर्जीनं."

अण्णांच्या लेखी प्रत्येक रिॲक्शन एक तर सून होती, नाहीतर जावई. गपगुमान आपलं काम करते ती सून. रुसतो, फुगतो, वेळेवर उठत नाही तो जावई. ही वर्गवारी तोंडी ठेवली असती तर हरकत नव्हती, पण अण्णा ती लॅबच्या वहीतही लिहायचे. "आज जावई नीट. दुपारी जरा रुसला. बर्फात ठेवला." एकदा हैदराबादहून वह्या तपासायला एक गृहस्थ आले. त्यांनी अर्धी वही वाचली आणि मूर्तीसाहेबांना गंभीरपणे विचारलं की हा जावई कोण, त्याला बर्फात का ठेवतात, आणि त्याच्या सुरक्षेची काय व्यवस्था आहे. मूर्तीसाहेब आठवडाभर अण्णांशी बोलले नाहीत. अण्णांना ते बरंच पडलं, कारण तो आठवडाभर कुणी तारीख विचारली नाही.

तर अशा या लॅबमध्ये एके दिवशी कांद्याचा फॅक्स आला.

कांदा म्हणजे तसा कांदा नव्हे. कांद्यात, विशेषतः तांबड्या कांद्यात, एक पिवळं द्रव्य असतं. जांभळात असतं, चहात असतं, शेवग्याच्या पाल्यात असतं. आपण कांदा खाल्ला की हे द्रव्य जसंच्या तसं रक्तात जात नाही. आतडं आणि यकृत मिळून त्याला साखरेसारखा एक तुकडा जोडतात, आणि त्या नव्या रूपात ते अंगभर फिरतं. तिकडच्या शास्त्रज्ञांना हे नवं रूप पाहिजे होतं, अगदी शुद्ध. ते डोक्यापर्यंत पोचतं का, आठवण टिकवायला त्याचा काही उपयोग होतो का, हे त्यांना आधी उंदरांवर पाहायचं होतं. होईल असं कुणी म्हणत नव्हतं. होऊ शकेल, एवढंच.

अण्णांनी फॅक्स दोनदा वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

"अवघड आहे का अण्णा?" मी विचारलं.

"अवघड म्हंजे असं बग माणिक. ह्या गड्याला पाच हात हैत. आपल्याला तेच्या एकाच हातात साखरंची पिशवी द्यायची. तशीच दिली तर कुठल्या हातात घील सांगता येत न्हाई, पाची हात पुढं करील. म्हून आधी चार हात बांधायचे. मंग पाचव्यात पिशवी द्यायची. मंग चारी हात सोडायचे, अन सोडताना पिशवी खाली पडू द्यायची न्हाई." ते जरा थांबले. "अन गंमत बग. आपली अक्का भाकरीसंगं कांदा खाती, अन अर्ध्या घंट्यात तिच्या पोटात ह्यो माल तयार. ना फ्लास्क, ना मूर्तीसाहेब."

अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. अण्णा चार वर्षांचे असताना आई गेली. अक्का त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठी. तिनंच त्यांना वाढवलं, कमठाण्याहून बीदरच्या शाळेत घातलं, पुढं कलबुर्गीला कॉलेजात पाठवलं. स्वतः लग्न केलं नाही, आणि मग अण्णांनीही केलं नाही. दोघं भावंडं कमठाण्यात राहायची. अण्णांच्या गप्पांमध्ये अक्काचा उल्लेख आला नाही असा तास जात नसे. अलीकडे मात्र तो वेगळ्या सुरात यायचा.

"अक्काचं जरा इसरायलंय," अण्णा म्हणायचे.

ते डब्यावरूनही कळायचं. कधी आमटीत मीठ दोनदा. कधी डब्याच्या दोन्ही पुडांत तीच वांग्याची भाजी, एक सकाळी केलेली आणि एक ती केली हे विसरून केलेली. एकदा अण्णांनी डबा उघडला तर आत काहीच नव्हतं, धुऊन पुसून लखलखीत. अण्णांनी तो बघितला, झाकण लावलं आणि म्हणाले, "आज माझा उपास." वार होता मंगळवार, आणि अण्णांनी जन्मात कधी उपास केला नव्हता. मी माझी भाकरी अर्धी करून पुढं सरकवली. त्यांनी उपास तिथंच सोडला.

त्या कांद्याच्या मालात अण्णा इतके का गुंतले हे कुणी सांगायची गरज नव्हती. एकदा मी मूर्खासारखं विचारलं, "अण्णा, माल झाला की चिमूटभर अक्काला द्यायचा का?"

अण्णा माझ्यावर तेवढे एकदाच चिडले. "अजून उंदरानं चाखलं न्हाई, अन अक्काला देऊ? डोकं हाय का तुला?" मग स्वतःच नरमले. "अक्काचं काय, तिचं वय झालं. पन कुठं तरी, कवा तरी, कुनाच्या तरी अक्काला उपयोग झाला तर झाला. तवर हे उंदरापातूर तरी नीट जाऊ दे. अन माणिक, ह्यो माल माझ्या हातानं गेला पायजे. पहिल्या थेंबापासून शेवटच्या पुडीपर्यंत. एवढं एक काम मला करायचं हाय."

सहा महिने ते काम चाललं. चार हात बांधायला जे रसायन लागायचं त्याची वाफ डोळ्यांना असह्य झोंबायची. आम्ही चौघं, शेडमधले कामगार, बाहेरून जाणारा टपालवाला, सगळे ढसाढसा रडायचो. मूर्तीसाहेब एकदा भेट द्यायला आले आणि रुमालात तोंड घालून परत गेले. शेडमधल्यांना वाटलं, कारखान्यात कुणी तरी वारलं. अण्णा स्वतः डोळे पुसत म्हणायचे, "कांद्याचंच रसायन हाय. रडवल्याशिवाय जाईल का?" साखरेचा तुकडा तयार करायला ब्रोमीनमियाँ आले, तशरीफ ठेवून गेले. पाचव्या हातात पिशवी गेली. चार हात सुटले. आणि एके दिवशी दुपारी स्टीलच्या ताटात हळदीहून फिका, बारीक, पिवळा माल पसरलेला आम्ही डोळे भरून पाहिला.

मी त्याच्या सगळ्या तपासण्या केल्या. एकूण एक पास. शेवटची राहिली राखेची. ही परीक्षा सोपी असते. चिनीमातीच्या छोट्या मुशीत थोडा माल घ्यायचा आणि भट्टीत लाल होईपर्यंत जाळायचा. माल शुद्ध असेल तर सगळा जळून जातो, मूस रिकामी निघते. खाली राख उरली तर समजायचं की मालात काहीतरी माती-दगडाचं मिसळलंय.

मूस बाहेर काढली. खाली राख होती. पांढरीशुभ्र.

मी मूस तशीच अण्णांकडे नेली. त्यांनी मूस हातात घेऊन आत पाहिलं आणि सगळा माल पुन्हा विरघळवून, गाळून, सुकवून काढला. पंधरा दिवस गेले. पुन्हा परीक्षा, पुन्हा तीच पांढरी राख.

मग आमच्या लॅबमध्ये राखेचा शोध सुरू झाला. गाळायचे कागद बदलले. पाणी दोनदा वाफ करून गोळा केलेलं. कोळारच्या रस्त्यावरची धूळ येत असेल म्हणून अण्णांनी सुकवणीच्या खोलीच्या दाराखाली ओली पोती लावली. ही खोली म्हणजे काचेची भिंत असलेला एक छोटा कोनाडा. तिथं माल ताटात सुकायचा. अण्णांनी तिच्या खिडक्या चिकटपट्टीनं बंद केल्या, पंखा काढला, एका पालीला हुसकून लावलं. मूर्तीसाहेबांनी तोवर सांगून टाकलं होतं की गिऱ्हाईक आणखी एकदाच थांबेल. तिसऱ्या वेळी नापास झालं तर काम दुसरीकडे जाईल, आणि मग ही मागची लॅब ठेवायची कशाला, याचा विचार करावा लागेल. आम्हा चौघांना मोठ्या शेडमध्ये पिंपं हलवायला धाडलं असतं. अण्णांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांना फक्त तो माल उंदरांपर्यंत पोचवायचा होता.

राख कुठून येते हे मला दिसलं ते अगदी सहज. मी काचेबाहेर उभा होतो. आत अण्णा ताटावर वाकून चपट्या चमच्यानं मालाच्या गुठळ्या फोडत होते. त्याच्याशी बोलणं चालूच होतं, आणि ह्या मालाला कुठली भाषा कळते हे ठरलं नसल्यामुळे तिन्ही भाषांत चालू होतं. बोलता बोलता त्यांनी भुवया वर केल्या. आणि त्यांच्या कपाळावरून एक पांढरा पापुद्रा सुटला आणि अलगद ताटात पडला.

अण्णांच्या कपाळाबद्दल मी अजून काही सांगितलेलं नाही. अण्णा लिंगायत. कपाळाला विभूती, यात नवल काही नाही. आमच्या भागात निम्मी कपाळं तशी असतात, तीन बोटांच्या तीन पांढऱ्या रेघा. पण अण्णांच्या कपाळावर रेघा नसायच्या. तिथं भिंतीला चुना द्यावा तसा थरावर थर असायचा, भुवयांपर्यंत उतरलेला, केसांत शिरलेला. दुपारपर्यंत तो वाळायचा आणि त्याला भेगा पडायच्या. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की आम्ही पाल हुसकली, पण अण्णांच्या कपाळाकडे कुणी पाहिलं नाही. विभूती म्हणजे राखच. तिला आणखी काय जाळणार?

मी अण्णांना बाजूला घेतलं आणि सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. मग मी एक कार्बन पेपर टेबलावर ठेवला आणि त्यांना त्यावर पाच मिनिटं वाकून गप्पा मारायला लावल्या. त्या काळ्या कागदावर चांदणं पडलं. मग डोक्याला कापडी टोपी भुवयांपर्यंत ओढून पाहिली. घामाबरोबर टोपीखालून पांढरे ओघळ निघाले आणि कागदावर ठिपके पडले. अण्णा त्या कागदाकडे बघत राहिले.

"म्हंजे मीच की रे," ते म्हणाले. "मीच माझा माल नासवायलोय."

"त्यात काय अण्णा," मी म्हणालो. "सकाळी गेटवरच्या नळावर तोंड धुवायचं आणि आत यायचं. संध्याकाळी पाहिजे तर पुन्हा लावा."

"न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"कपाळ धुनार न्हाई."

मला काही कळेना. अण्णा काही देवभोळे नव्हते. जत्रेला जायचे ते भज्यांसाठी. लॅबच्या दारावर कुणी लिंबू-मिरची बांधली तर मिरची तोडून डब्याबरोबर खायचे. मूर्तीसाहेबांनी समजावलं, मग आवाज चढवला, मग हात जोडले. अण्णा प्रत्येक वेळी शांतपणे मान हलवायचे. शेवटी म्हणाले, "साहेब, शेवटचं काम माणिक करील. मी बाहेर बसतो."

माझा कानावर विश्वास बसला नाही. ज्या माणसानं सहा महिने हा माल तळहातावर जपला, ज्याची एकच इच्छा होती की शेवटची पुडी आपल्या हातानं बांधावी, तो माणूस तोंडावर पाणी मारायचं नाही म्हणून ते सगळं माझ्या हवाली करत होता. खरं सांगतो, त्या दिवशी मला अण्णांचा राग आला. हट्टी माणूस, असं मनात म्हटलं.

तिसरी वेळ. मी आंघोळ करून, नखं कापून, टोपी घालून आत. काचेबाहेर बाकावर अण्णा. त्यांचं बोलणं मला काचेतून अर्धंमुर्धं ऐकू यायचं, बाकीचं हातवाऱ्यांनी. थंड कर. आता थांब. ढवळू नको. एकदा त्यांनी काचेवर टकटक केलं आणि ओरडून म्हणाले, "बोल की त्येच्याशी."

"काय बोलू?"

"काय बी बोल. एकटं वाटू द्यायचं न्हाई त्येला."

मला लाज वाटली, पण आत दुसरं कुणी नव्हतं. मग मी त्या पिवळ्या मालाला सांगितलं की औरादच्या एका मुलीचं स्थळ आलंय, मुलगी मला पसंत आहे, पण तिच्या मामाला मी नेमकं काय काम करतो ते समजावून सांगता येईना. माल ऐकत असावा. स्फटिक असे सुरेख पडायला लागले की बाहेर अण्णांनी मांडीवर थाप मारली.

मूर्तीसाहेबांच्या समोर मूस भट्टीतून काढली. आत काही नव्हतं. मूर्तीसाहेबांनी चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं, आणि मग मला मिठी मारली. अण्णांनी मूस घेतली आणि तळहातावर उलटी करून आपटली. हातावर काहीच पडलं नाही. ते लहान मुलासारखे हसले. मग मी तो माल पुड्यात बांधताना ते काचेला नाक लावून उभे राहिले आणि मी बाहेर आणलेल्या पुडक्याला त्यांनी मराठीत, कानडीत आणि उर्दूत निरोप दिला. "तिकडं कुठली चालती ठाऊक न्हाई," म्हणाले, "पन जा. निवांत जा."

सोबतच्या कागदावर 'तयार करणारा' असा एक रकाना होता. शेवटचं काम ज्यानं केलं त्याचं नाव तिथं लागतं. मी अण्णांचं लिहायला गेलो तर त्यांनी माझ्या हातातला पेन काढून घेतला आणि माझंच नाव लिहिलं. मला तो रकाना टोचत राहिला. गिऱ्हाइकाला माल पसंत पडला, आणखी पाहिजे असा निरोप आला, काही महिन्यांनी दुसरा घाणाही सुकायला लागला, तरी टोचायचं राहिना. शेवटी ठरवलं, निदान अक्काला तरी जाऊन सांगावं की माल कुणाचा होता.

एका सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन मोटारसायकलवर कमठाण्याला गेलो. अण्णांचं घर दोन खोल्यांचं, पुढं कट्टा. अक्का कट्ट्यावर बसल्या होत्या, पांढरं स्वच्छ लुगडं, अंगानं काटकुळ्या, डोळे मात्र हसरे. शेजारी पितळी वाटीत पाणी आणि विभूतीची वडी. अण्णा आंघोळ करून बाहेर आले. मला बघून चपापले.

"वीरू, बा इल्ली," अक्का म्हणाल्या. ये इकडं. अण्णा खाली बसले आणि मान झुकवली. अक्कांनी वडी ओली करून तीन बोटांनी कपाळावर विभूती ओढली, ओठ हलवत काहीतरी पुटपुटल्या. अण्णा उठून आत सदरा घालायला गेले. सदरा घालून आले.

"वीरू, अजून इबूत लावली न्हाई का रे तुला?"

"न्हाई अक्का. लाव की," अण्णा म्हणाले, आणि पुन्हा खाली बसून तशीच मान झुकवली. जणू पहिल्यांदाच. अक्कांनी तशीच निगुतीनं पुन्हा लावली. अण्णा आत डबा आणायला गेले. डबा घेऊन आले. पुन्हा तेच. वहाणा घालताना पुन्हा. मी मोजायचं सोडून दिलं. पेढे हातातच राहिले.

मग अक्कांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तू कुनाचा रे? तुला कुनी लावली न्हाई?" मी खाली बसलो. त्यांची बोटं थंड होती, आणि हात इतका हलका की कपाळाला कळू नये. मी पेढे दिले, माल अण्णांचा होता ते सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकलं, अभिमानानं अण्णांकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तुला इबूत लावली का रे बाबा?"

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा दुसरीकडे बघत होते.

"न्हाई अक्का," मी म्हणालो आणि मान झुकवली.

मोटारसायकलवर आम्ही दोघं कोळारला निघालो. निम्म्या वाटेत मी विचारलं, "अण्णा, लावलीय म्हणून सांगायचं ना."

"सांगितलं की एकदा," अण्णा पाठीमागून म्हणाले. "तवा ती आपल्या हाताकडं बघत बसली. बोटाला इबूत व्हती ना. कुठून आली ते तिला कळंना. भ्याली रे ती. लई भ्याली. तवापासून मी सांगत न्हाई."

"पण गेटवर धुतली तर तिला कसं कळणार?"

अण्णांनी डबा मांडीवर नीट धरला.

"तिच्या डोक्यात ते ऱ्हात न्हाई माणिक. माझ्या कपाळावर तरी ऱ्हाऊ दे की दिवसभर."

कोळारला पोचलो तर मूर्तीसाहेब गेटवरच उभे. दुसरा घाणा वाळला होता, आज मला आत जाऊन तो भरायचा होता. मी नळापाशी गेलो. नळ सोडला, ओंजळ भरली आणि ती तोंडापर्यंत नेली. तिथंच थांबलो. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून गेलं. मी नळ बंद केला आणि ओले हात विजारीला पुसले.

मूर्तीसाहेबांनी आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग अण्णांच्या. "अब अंदर कौन जाएगा?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"उद्या जातो साहेब," मी म्हणालो. "आज राहू द्या."

साहेब कपाळाला हात लावून ऑफिसात गेले. अण्णा काचेबाहेरच्या बाकावर जाऊन बसले, आणि थोडं सरकून त्यांनी मला जागा केली.